नोटिशीशेजारचा ओव्हरकोट

लेकीकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला पोचले त्या आठवड्यात पारा उणे अठरावर होता. आकडा विमानातच कळला होता. अंगाला कळायला दाराबाहेर पाऊल टाकावं लागलं. पहिल्याच श्वासाला नाकातले केस कडक झाले. "आई, हे तर काहीच नाही," असं म्हणत लेकीनं तिचा जुना कोट माझ्या अंगावर चढवला. माझ्या पोटऱ्यांपर्यंत यायचा तो. हा घालून रोज चक्कर मारत जा, असं तिचं फर्मान होतं. मी कुठली जातेय! ती कामावर गेली की खिडकीशी बसायचं, चहाचा कप हीटरवर ठेवायचा आणि जुनी वर्तमानपत्रं वाचायची, असे माझे पाच-सहा आठवडे गेले.

जुनी म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 'क्रॉनिकलिंग अमेरिका' या नावानं २००७ पासून अशी लाखो पानं फुकट वाचायला ठेवली आहेत. मोठ्या शहरांच्या पेपरांत मला रस नव्हता. मी निवडलं ते मॅडिसनच्या उत्तरेला दोनेक तासांवरचं ग्रँड रॅपिड्स. विस्कॉन्सिन नदीकाठचं, कागद गिरण्यांचं, भोवती क्रॅनबेरीच्या पाणथळ बागा असलेलं, तेव्हा सहा-सात हजार वस्तीचं गाव. मिशिगनमधल्या मोठ्या ग्रँड रॅपिड्सशी पत्रांचा घोटाळा व्हायचा म्हणून १९२० साली त्यानं नाव बदलून 'विस्कॉन्सिन रॅपिड्स' केलं. वुड काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) मुख्य ठिकाण तेच, म्हणजे कोर्टही तिथंच. आणि कोर्ट म्हटलं की माझे कान टवकारतात.

त्याला कारण आहे. जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या एका दैनिकात मी तीस वर्षं जाहिरात खात्यात काढली, आणि त्यातली निम्मी जाहीर नोटिसांच्या टेबलावर. "तमाम लोकांस कळविण्यात येते की" हे मी झोपेतही लिहीन. गट नंबर, चतुःसीमा, "सदर मिळकत निर्वेध व बोजारहित असल्याची खात्री दिली आहे", "चौदा दिवसांच्या आत लेखी पुराव्यानिशी हरकत न घेतल्यास". संपादकीय विभागातल्या मंडळींना आमचं टेबल म्हणजे गुदामातलं खोकं वाटायचं. पण महिनाअखेरीला त्यांचे पगार कुठून होतात ते आम्हाला ठाऊक असायचं. एकदा गट नंबर ३४२ चा ३२४ छापला गेला माझ्या हातून. शुद्धिपत्र निघेपर्यंतच्या आठवड्यात ज्याचा ३२४ होता तो शेतकरी दोनदा ऑफिसात येऊन उभा राहिला. भांडला नाही. फक्त विचारायचा, "बाई, माझं रान कुणी विकायला काढलंय?"

तर असल्या डोळ्यांनी मी ग्रँड रॅपिड्सचं पान उघडलं. डिसेंबरचा अंक. उजव्या कडेला, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत: विस्कॉन्सिन राज्य, वुड काउंटीचं काउंटी कोर्ट, प्रोबेट, म्हणजे मयताच्या मिळकतीचं काम. अमुक मयत यांच्या मिळकतीच्या बाबतीत. कोर्टाची नियमित बैठक शहरातल्या कोर्टाच्या इमारतीत, येत्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी भरेल, तेव्हा कारभारी नेमण्याच्या अर्जाची सुनावणी होईल. खाली तारीख, 'कोर्टाच्या हुकमावरून', न्यायाधीशाचं नाव. आणि तिला चिकटून, मधे केसाएवढी रेघ, एक पुरुष उभा. गुडघ्याखाली जाणारा ओव्हरकोट, मखमली कॉलर, हातात काठी, नजर दूर कुठेतरी. त्याच्या पायाशी भल्या मोठ्या टायपात किंमत.

मयताची नोटीस बारीक आणि कोटाची किंमत ठळक, हे आमच्याकडेही तसंच. हसू आलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. या पानांची अक्षरं कॉम्प्युटरनं ओळखून ठेवलेली असतात, आणि कधीकधी त्याची नजर रकान्याची रेघ ओलांडते. मग मयताच्या सर्व धनकोंना असं कळवलं जातं की त्यांनी आपले दावे लोकरी पायमोज्यांसह दाखल करावेत. प्रूफ वाचणाऱ्या बाईला याहून मोठी करमणूक कुठली?

हळूहळू मात्र मला वाटायला लागलं की त्या यंत्राची चूक फार मोठी नाही. नोटीस आणि कोट हे दोन रकाने खरोखरच एकमेकांत मिसळलेले होते.

आधी हे पाहा, की त्या पेपरात गावचं असं होतंच किती. १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, आणि बॅराबू नावाच्या गावातल्या केलॉग नावाच्या संपादकाचे छापखान्यातले कामगार सैन्यात निघून गेले. बॅराबू म्हणजे लेकीच्या घरापासून तासाभराची वाट. पेपर तर काढायचाच. त्यानं मॅडिसनच्या छापखान्यातून एका बाजूनं आधीच छापलेले कागद मागवले आणि कोऱ्या राहिलेल्या बाजूवर गावच्या बातम्या छापल्या. ही अडचणीतली युक्ती पुढे मोठा धंदा झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारो खेड्यांचे पेपर असेच अर्धे तयार येत: देशाच्या बातम्या, क्रमश: कादंबरी, पोटाच्या विकारावरची रामबाण औषधं. नेब्रास्कात आणि विस्कॉन्सिनमध्ये तीच कादंबरी, तेच औषध. उरलेल्या कोऱ्या बाजूवर गाव काय छापणार? कोण मेलं, कोण कुणाकडे राहायला आलं, कुणाचं देणं थकलं आणि कुणाच्या दुकानात काय आलं. नोटीस आणि कोट हेच अस्सल गावचं.

नोटीस हा धंद्याचा कणा होता. असल्या बारीक टायपाला तिकडे 'अ‍ॅगेट' म्हणत, एका इंचात चौदा ओळी, आणि जाहिरातीचा दरही याच ओळीवर मोजत. आमच्याकडे सेंटिमीटर मोजायचे तसं. मालक शपथेवर लिहून द्यायचा की ही नोटीस ओळीनं इतके आठवडे छापली, त्याला कात्रण डकवायचं आणि ते कोर्टाच्या फायलीत जायचं. काउंटीचा 'अधिकृत पेपर' कोण, यावरून एकाच गावातले दोन संपादक एकमेकांचं तोंड पाहत नसत. पश्चिमेकडे डाकोटात तर निव्वळ नोटिशींवर जगणारे पेपर निघाले. सरकारी जमीन मिळालेल्या माणसाला, मी इथं राहिलो आणि जमीन कसली, याचा शेवटचा पुरावा द्यायच्या आधी तशी नोटीस जमिनीला सर्वांत जवळ असलेल्या पेपरात छापावी लागे, आणि तीत चार शेजाऱ्यांची नावं साक्षीदार म्हणून द्यावी लागत. मैलोन्मैल झाड नाही अशा माळावर एक फळ्यांची खोपट, आत एक हातछापखाना आणि आठवड्याला रकानेच्या रकाने शेजाऱ्यांची नावं. मला तिथं नोकरी करायला आवडली असती. थंडी सोडून.

आता थंडीचं. माझ्या मनात अमेरिकन दुकानदार म्हणजे ऐटीत काउंटरमागे उभा राहिलेला शेठ, असं काहीतरी होतं. जानेवारीचे अंक वाचल्यावर तो मला पाऊस लांबलेल्या शेतकऱ्यासारखा दिसायला लागला. हिवाळ्याचा माल त्याला उन्हाळ्यातच भरावा लागे, तोही शिकागो-मिलवॉकीच्या ठोक व्यापाऱ्यांकडून उधारीवर. मग नोव्हेंबर कोरडा गेला, नाताळपर्यंत बर्फच पडला नाही, की कोट तसेच टांगलेले आणि हुंडी दारात. म्हणून जानेवारीत सेल. फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनामेकरनं १८७८ साली जानेवारीत पांढऱ्या चादरी-अभ्र्यांचा सेल लावून या मंद महिन्याला कामाला लावलं. खेड्यापर्यंत ही रीत आली ती जाड लोकरीच्या रूपात: लाकूडतोड्यांचे चौकड्यांचे मॅकिनॉ कोट, बुटांवरून चढवायचे बकलांचे रबरी 'आर्क्टिक', आणि युनियन सूट.

या युनियन सूटपाशी मी चांगली दोन दिवस रेंगाळले. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध शिवलेलं आतलं कापड, पुढे बटणांची रांग, मागे एक झडप. १८६८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावात त्याचं पेटंट घेतलं गेलं ते बायकांसाठी: थरावर थर आणि कंबर आवळणारं कॉर्सेट यांतून बायकांची सुटका करावी असं म्हणणाऱ्या सुधारकांचं ते वस्त्र. पुढे ते पुरुषांनी पळवलं, आणि इतकं पळवलं की आता त्यातलं बायकांचं बंड कुणाला आठवत नाही. लोकर मात्र टोचायची. मिनिआपोलिसच्या मन्सिंग नावाच्या गृहस्थानं लोकरीच्या धाग्यावर रेशीम चढवून न टोचणारं अंतर्वस्त्र काढलं आणि त्यावर मोठा कारखाना उभा राहिला. आजीच्या घोंगडीवर झोपलेल्या माणसाला यातलं मोठेपण सांगावं लागत नाही.

साधारण बरा ओव्हरकोट दहा-पंधरा डॉलरचा. १९१४ च्या जानेवारीत फोर्डनं दिवसाला पाच डॉलर जाहीर केले तेव्हा जगभर बोभाटा झाला, कारण त्याच कारखान्यात तोवर २.३४ डॉलर मिळत होते. म्हणजे बऱ्यापैकी मिळवणाऱ्या माणसाची पाच-सहा दिवसांची कमाई एका कोटात. असा कोट रोख कोण घेणार? वहीवर मांडून ठेवायचा. पीक आलं की, गिरणीचा पगार झाला की, देऊ.

आणि इथं वही कोर्टाच्या नोटिशीला जाऊन भेटते.

त्या पेपरांत एक प्रकारची नोटीस वारंवार दिसते. ही कोर्टाची नव्हे, नवऱ्यानं दिलेली. "माझी पत्नी सबळ कारणाशिवाय माझं अंथरूण आणि ताट सोडून गेली आहे, यापुढे तिनं केलेल्या उधारीस मी जबाबदार राहणार नाही." मी कप खाली ठेवला. हे वाक्य मी किती वेळा घेतलं असेल! आमच्याकडे 'अंथरूण आणि ताट' नसतं, 'ती माझ्या सांगण्यात नाही' असतं, आणि तेच मुलाबद्दलही असतं. टेबलापलीकडे नवरा मजकूर सांगायचा आणि मी शब्द मोजायची. बाईचं म्हणणं काय, हे विचारायला त्या फॉर्मात जागाच नव्हती.

पण ही नोटीस कुणाला उद्देशून? बायकोला नव्हे. ती कापडाच्या दुकानदाराला. कारण तिथल्या कायद्यानं नवऱ्यानं बायकोच्या गरजेच्या वस्तूंचे पैसे द्यायचे असत: अन्न, औषध, निवारा, आणि कपडे. विस्कॉन्सिनच्या डिसेंबरात कोट गरजेचा नाही असं कोणतं कोर्ट म्हणेल? तेव्हा दुकानात ती बाई आली, लोकरी क्लोक, म्हणजे बायकांचा सैल कोट, अंगावर घालून आरशात पाहिला आणि म्हणाली "यांच्या नावावर मांडा", तर दुकानदारानं नाही म्हणावं, यासाठी तो सगळा बंदोबस्त. नवऱ्यानंच तिला घराबाहेर काढलं असेल तर असल्या नोटिशीला फारसा अर्थ नसे. वकील हे जाणत. दुकानदार मात्र वकील नव्हता. तो पेपर वाचायचा, आणि त्याच पानावर त्याच्याच क्लोकची जाहिरात असायची.

एवढ्यावर थांबत नाही. कधी दुकानदारच बुडायचा. १८९८ च्या दिवाळखोरी कायद्यानंतर दुकानातला सगळा माल कोर्टाच्या देखरेखीखाली एकगठ्ठा विकला जाई, आणि तो घेणारा पुन्हा त्याच गावात सेल लावी. मग जाहिरातीला कोर्टाचा साज: 'विश्वस्ताच्या हुकमानं', 'शेरीफची विक्री'. शेरीफ म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारा काउंटीचा अंमलदार. ओव्हरकोट डॉलरमागे काही सेंटांना. लोक उड्या टाकत. इतक्या, की न बुडालेले दुकानदारही बुडाल्याच्या जाहिराती देऊ लागले! आग न लागताच आगीत वाचलेला माल, जप्ती न येताच जप्तीची विक्री. जाहिरातवाल्यांच्याच 'प्रिंटर्स इंक' या नियतकालिकानं १९११ मध्ये खोट्या जाहिरातीला गुन्हा ठरवणारा कायद्याचा नमुना तयार केला आणि पुढे बऱ्याच राज्यांनी तो घेतला. कोर्टाची नोटीस ही ग्राहकाला ओढून आणायची इतकी खात्रीची युक्ती ठरेल, असं माझ्या टेबलावर कधी सुचलं नव्हतं. आमच्या पेठेत 'दुकान कायमचे बंद करणे आहे' हा फलक एका चप्पलवाल्यानं माझ्या डोळ्यांदेखत अकरा वर्षं चालवला, हे आत्ता आठवलं.

खऱ्या जप्तीत शेरीफ गाय नेई, गाडा नेई, दुकानातला कोटांचा ढीगही नेई. पण कर्जदाराच्या आणि त्याच्या बायकापोरांच्या नित्य वापराचे कपडे सोडायचे, असं राज्याराज्यांच्या कायद्यांत थोड्याफार फरकानं लिहिलेलं असे. विक्रीला टांगलेला कोट जप्त होतो. अंगात घातलेला होत नाही. हे वाचलं आणि आमच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० आठवलं. तीही १९०८ ची, म्हणजे त्याच जमान्यातली. जप्त करायचे नाहीत अशा वस्तूंची यादी तिथं कपड्यांपासूनच सुरू होते: आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धार्मिक रिवाजाप्रमाणे बाईला अंगावरून काढता येत नाहीत ते दागिने. म्हणजे मंगळसूत्र. इकडे मंगळसूत्र, तिकडे कोट. संध्याकाळी हे लेकीला सांगितलं तर म्हणाली, "आई, तू इथं येऊन जप्त्या वाचतेस?"

नोटीस ज्याच्यासाठी असते तो ती वाचतो का, हा माझा जुना सल. मार्कस नेफ नावाच्या एका माणसावर ऑरेगन राज्यात त्याच्या वकिलानं तीनशे डॉलरहून कमी फीसाठी दावा लावला. नेफ त्या राज्यात नव्हताच. समन्स छापलं कुठे, तर मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एका धार्मिक साप्ताहिकात. नेफनं ते पाहिलं नाही, हुकूम एकतर्फी झाला, शेरीफनं त्याची जमीन विकली, ती वकिलानंच घेतली आणि पुढे पेनॉयर नावाच्या गृहस्थाला विकली. १८७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की राज्याबाहेरच्या माणसावर पेपरात छापून असा पैशाचा हुकूम बसवता येत नाही, आणि नेफला जमीन परत मिळाली. पेनॉयर पुढे गव्हर्नर झाला. तो वकील सिनेटर झाला आणि १९०५ साली जमिनीच्याच घोटाळ्यात दोषी ठरला, हे मी दोनदा वाचून घेतलं, चवीनं. नोटिशी अर्थात थांबल्या नाहीत. जागेच्या, वारसाच्या, घटस्फोटाच्या नोटिशी तशाच बारीक टायपात चालू राहिल्या. १९५० साली त्याच सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती जॅक्सन यांनी एका निकालात उघडच लिहिलं की पेपराच्या मागच्या पानांवरची बारीक टायपातली नोटीस गावातल्या माणसाच्याही नजरेस पडते ती निव्वळ योगायोगानं. हे वाक्य मला तीस वर्षांपूर्वी मिळालं असतं तर फ्रेम करून टेबलावर ठेवलं असतं. पगार त्या योगायोगावरच होत होता.

लेकीचं म्हणणं, मग नोटिशी छापायच्या कशाला? मी म्हटलं, अगं, वाचणारा असतो. तो शेतकरी नाही का आला होता, ३२४ वाला? त्याला कुणीतरी दाखवलंच ना. चुलत भाऊ असतो, भांडलेला शेजारी असतो, कोटाची किंमत बघता बघता ज्याची नजर रेघेपलीकडे गेली असा कुणी असतो. तिकडेही तसंच झालं असणार. शनिवारी सामानाला गावात आलेली बाई पोराच्या मापाचा मॅकिनॉ शोधत पानावर बोट फिरवतेय, आणि बोट शेजारच्या रकान्यात गेल्यावर म्हणतेय, "अरे, यांचं शेत विकायला निघालं?"

ती पहिली नोटीस मी सोडली नाही. पुढचे दोन अंक उघडले. तिला ओळीनं तीन आठवडे छापायचं होतं. आम्ही एकेक अक्षर हातानं जुळवायच्या खिळ्यांच्या काळात असं मॅटर सुतळीनं बांधून ठेवायचो, पुन्हा जुळवायला नको म्हणून. त्यांनीही तेच केलं होतं. कारण 'डिसीज्ड' या शब्दातला दुसरा 'ई' वरून तुटलेला होता, आणि तीनही आठवडे तो तुटलेलाच होता. तेच अक्षर, तीच पहिल्या मंगळवारची तारीख. शेजारचा ओव्हरकोटवाला मात्र दर आठवड्याला बदलत होता. आधी पूर्ण किंमत. मग नाताळची भेट म्हणून पत्नीनं द्यावा असा. तिसऱ्या आठवड्यात किंमत दहाच्या खाली उतरली आणि खाली लहान अक्षरात, थोडेच नग शिल्लक.

चौथ्या अंकात नोटीस नव्हती. मंगळवार होऊन गेला होता; सुनावणीत काय झालं ते पेपरात येत नाही, आमच्याकडेही येत नसे. तिच्या जागेवर रबरी बुटांची जाहिरात सरकली होती, आणि कोट अजून तिथंच होता. आता अर्ध्या किमतीत.